बारा फुटांच्या रस्त्यावरील सौजन्य
(भिवंडी तालुक्यातील ग्रामीण रस्ते, सायकलस्वार आणि मोटारचालक या विषयावरील भाषणाचा मजकूर)



भिवंडी हे नाव उच्चारताच यंत्रमागांचा खडखडाट आठवतो. गेल्या काही दशकांत त्यात गोदामांची भर पडली. मुंबईच्या अगदी जवळ, परंतु मुंबई महानगरपालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडे, माणकोली या गावांत माल साठविणे व्यापाऱ्यांना सोयीचे झाले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत. उलट ती वाढली. त्यांच्यामागोमाग मालमोटारी आल्या, कंटेनर आले आणि माल घरोघर पोहोचविणारे छोटे टेंपोही आले.

परंतु भिवंडी तालुका म्हणजे केवळ माग आणि गोदामे नव्हेत. खारबावच्या बाजूची खाडीकाठची शेती, पडघ्याकडील भातखाचरे, वज्रेश्वरी-गणेशपुरीची तीर्थस्थाने आणि ठिकठिकाणचे पाडे हाही याच तालुक्याचा भाग होय. मोठ्या रस्त्यावरून या गावांत व पाड्यांत शिरणारे अनेक फाटे एकपदरी आहेत. या फाट्यांवरून शाळेतील मुले सायकलीने जातात, पहाटे दूध जाते, वीटभट्टीवरचा मजूर जातो आणि मागावरील बारा तासांची रात्रपाळी संपवून डोळ्यांवर झोप असलेला कामगार घरी परततो. याच फाट्यांवरून विटांचा ट्रक, खडीचा डंपर, पेंढ्याने भरलेली गाडी आणि रविवारी दर्शनाला निघालेल्या मोटारीही जातात. रस्ता एकच आणि तोही अरुंद आहे. तो सर्वांनी मिळून कसा वापरावा, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

बारा फुटांचा हिशेब

सौजन्याची चर्चा बहुधा उपदेशाने सुरू होते. येथे ती मोजपट्टीने सुरू करणे अधिक उपयुक्त ठरेल.

आपल्या देशातील रस्त्यांच्या विकासाचा पद्धतशीर विचार १९२७ साली नेमलेल्या समितीने केला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे तिचे अध्यक्ष होते. पुढे १९३४ साली भारतीय रस्ते काँग्रेस ही संस्था स्थापन झाली आणि रस्त्यांची मापे ठरविण्याचे काम तिच्याकडे आले. तिच्या मानकांप्रमाणे एकपदरी रस्त्याच्या पक्क्या भागाची रुंदी ३.७५ मीटर, म्हणजे सुमारे सव्वाबारा फूट असते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत फारच थोडी वाहतूक असलेल्या जोडरस्त्यांसाठी ही रुंदी ३ मीटर ठेवण्याचीही मुभा आहे.

आता वाहनाचे माप पाहू. मालमोटारीची रुंदी नियमानुसार २.६ मीटरपर्यंत असू शकते. ३.७५ मीटरमधून २.६ मीटर वजा केले, तर उरतात १.१५ मीटर. सायकलीच्या हँडलला साधारणपणे ०.६ मीटर जागा लागते. ती वजा केल्यावर हाती राहतात ०.५५ मीटर, म्हणजे दोन फुटांहूनही कमी. या दोन फुटांतच मालमोटारीची पलीकडची चाके डांबराच्या कडेपासून सुरक्षित राहिली पाहिजेत, सायकलीचे चाक अलीकडच्या कडेपासून दूर राहिले पाहिजे आणि दोघांमध्ये अंतरही राहिले पाहिजे. मालमोटारीचे बाहेर आलेले आरसे या हिशेबात धरलेलेच नाहीत. रस्ता ३ मीटरचा असेल, तर मालमोटारीनंतर केवळ ०.४ मीटर डांबर उरते. तेथे सायकलीचे हँडलसुद्धा मावत नाही.

मोटार लहान असली, तरी चित्र फारसे बदलत नाही. १.७ मीटर रुंदीची मोटार आणि सायकल या दोहोंची जागा वजा केल्यास ३.७५ मीटरच्या रस्त्यावर एकूण १.४५ मीटर मोकळे राहतात. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये सुधारण्यात आलेल्या रस्त्याच्या नियमावलीत सायकलस्वाराला ओलांडून पुढे जाताना ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात किमान १.५ मीटर अंतर ठेवावे आणि वेग अधिक असल्यास अंतरही वाढवावे, असे सांगितले आहे. म्हणजे आपल्या फाट्यावर मोटार आणि सायकल रस्त्याच्या दोन टोकांना टेकली, तरी हे अंतर पुरे पडत नाही.

या हिशेबाचा अर्थ स्पष्ट आहे. एकपदरी रस्त्यावर चालत्या सायकलीला चालत्या मालमोटारीने सुरक्षितपणे ओलांडावे, एवढी जागाच डांबरावर नाही. कोणीतरी डांबर सोडले पाहिजे किंवा कोणीतरी थांबले पाहिजे.

डांबर कोणी सोडायचे?

प्रत्यक्षात काय घडते, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. मागून कर्कश हॉर्न वाजतो. सायकलस्वार दचकतो आणि साईडपट्टीवर उतरतो. वाहन वेग कमी न करता निघून जाते आणि मागे धुळीचा लोट किंवा पावसाळ्यात चिखलाचा फवारा ठेवून जाते. वर्षानुवर्षे हाच रस्त्याचा नियम आहे, असे दोघांनाही वाटू लागले आहे.

या सवयीतील धोका साईडपट्टीत दडलेला आहे. रस्ता नवा असतो तेव्हा डांबर आणि मुरमाची साईडपट्टी एका पातळीत असतात. ठाणे जिल्ह्याच्या मुसळधार पावसात मुरूम वाहून जातो आणि डांबराच्या कडेला काही इंचांची पायरी तयार होते. चारचाकी वाहनाचे एक चाक या पायरीवरून उतरले, तर वाहनाला हिसका बसतो, पण उरलेली तीन चाके ते सावरून धरतात. सायकलीला सावरून धरणारे तिसरे चाकच नसते. पुढचे चाक पायरीवरून घसरले की हँडल वळते. स्वार पुन्हा डांबरावर चढण्याचा प्रयत्न करतो, तेव्हा चाक कडेला घासते आणि तोल जातो. तो पडतो तो बहुधा डांबराच्या बाजूला, म्हणजे मागून येणाऱ्या वाहनाच्या चाकांकडे.

यावरून एक गोष्ट निःसंशय सिद्ध होते. डांबर सोडणे ज्याला सर्वांत धोक्याचे, त्यालाच आपण ते सोडावयास लावतो. आपल्या गावांतील जुनी रीत मात्र याच्या नेमकी उलट आहे. भाताच्या खाचरांतील बांधावर दोन माणसे समोरासमोर आली, तर डोईवर भारा असलेल्या बाईला मोकळा माणूस वाट देतो. बांध कोणाच्या मालकीचा, हे तेथे कोणी विचारीत नाही. तोल जाण्याची भीती कोणाला अधिक, एवढेच पाहिले जाते. हाच न्याय डांबरी रस्त्याला लावला, तर वाट देण्याची पहिली जबाबदारी इंजिन असलेल्या वाहनावर येते.

थांबण्याची किंमत

थांबल्यास उशीर होतो, अशी चालकांची तक्रार असते. हा उशीर किती असतो, हेही मोजून पाहावे.

सायकल ताशी १२ किलोमीटर वेगाने चालते असे धरल्यास ती एका मिनिटात २०० मीटर जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या टेंपोला हेच अंतर कापण्यास २४ सेकंद लागतात. म्हणजे पुढची रुंद जागा २०० मीटरवर असेल आणि टेंपोचालक तोपर्यंत सायकलीच्या मागे शांतपणे चालला, तर त्याचे ३६ सेकंद जातात. गोदामाच्या फाटकाशी माल उतरविण्याचा क्रम लागेपर्यंत तासन् तास थांबणाऱ्या वाहनाच्या दृष्टीने ही अर्ध्या मिनिटाची किंमत काहीच नव्हे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात आजही मैलोगणती एकपदरी रस्ते आहेत. तेथे ठरावीक अंतरावर वाट देण्यासाठी रस्ता थोडा रुंद केलेला असतो आणि त्या जागेवर फलक असतो. समोरून वाहन आले की ज्याच्या जवळ ही जागा असेल, तो तेथे थांबतो. मागून येणाऱ्याला पुढे जाऊ देण्यासाठीही तिचा उपयोग करावा आणि तेथे वाहन उभे करून ठेवू नये, असा नियम आहे. भारतातही डोंगरी भागातील ग्रामीण रस्त्यांसाठी प्रत्येक किलोमीटरमागे अशा दोन-तीन जागा ठेवाव्यात, असे मानक आहे. सपाटीवरील फाट्यांना त्यांची गरज कमी नाही. आपल्याकडे शेताचे फाटक, मंदिरापुढील मोकळी जागा, गोदामाचे प्रवेशद्वार किंवा एस.टी.चा थांबा ही कामे सहज करू शकतो. चालकाने नजर पुढे ठेवून अशी जागा हेरावी, एवढेच आवश्यक आहे.

काही ठिकाणी मात्र प्रतीक्षेला पर्याय नाही. मोरीवर दोन्ही बाजूंना कठडे असल्यामुळे सायकलस्वाराला उतरण्यास जागा नसते. तेथे त्याला ओलांडण्याचा प्रयत्नच करू नये. वळणावर समोरचे दिसत नाही. चढावर सायकल हळू चालते आणि प्रत्येक पायडलाबरोबर डावी-उजवीकडे झुलते, म्हणून तिला अधिक जागा लागते. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा चुकविण्यासाठी स्वार अकस्मात मध्ये येतो. तो त्याचा बेशिस्तपणा नसून खड्ड्याचा परिणाम असतो, हे मागील चालकाने गृहीत धरले पाहिजे.

कायद्याचा आधार

हे केवळ सभ्यतेचे संकेत आहेत असे नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली २०१७ साली वाहने चालविण्यासंबंधीची नवी नियमने लागू करण्यात आली. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग या दुबळ्या रस्ता-वापरकर्त्यांच्या सुरक्षिततेची विशेष काळजी घ्यावी, असे त्यांत चालकांना स्पष्टपणे बजावले आहे. अरुंद व तीव्र चढाच्या रस्त्यावर चढून येणाऱ्या वाहनाला अग्रक्रम दिलेला आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमाविरुद्ध ओलांडून पुढे जाणे हे, जनतेला धोका निर्माण होईल अशा रीतीने केल्यास, कलम १८४ खालील धोकादायक वाहनचालन ठरते. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पेंढ्याच्या किंवा इतर मालाच्या गाड्या बाजूंनी फुगवून भरणाऱ्यांनी याच दुरुस्तीने आलेली आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी. वाहनाच्या बाजूबाहेर येईल असा माल भरल्यास २०,००० रुपये दंड आहे. सव्वाबारा फुटांच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंनी फूटभर बाहेर आलेला पेंढा सायकलस्वाराचा उरलासुरला रस्ता हिरावून घेतो, हे या दंडामागील कारण सहज समजण्याजोगे आहे.

अपघात घडलाच, तर बघ्यांनी चौकशीच्या भीतीने पाय मागे घेऊ नये. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यास कलम १३४-अ ने दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण दिले आहे. ही गोष्ट प्रत्येक ग्रामसभेत सांगण्याजोगी आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. यांतील काहींच्या बाबतीत तरी वेळेवर पुढे आलेला एक हात निर्णायक ठरला असता.

सायकलस्वाराची बाजू

सायकलस्वार दुबळा आहे, म्हणून तो नेहमी निर्दोष असतो असे नव्हे. शाळा सुटल्यावर चार-चार मुले गप्पा मारीत रस्ताभर पसरून चालतात. रात्री दिवा नसलेली सायकल काळोखातून अचानक पुढे येते. एके काळी दिव्याविना सायकल चालविणाऱ्यास पोलीस हटकून उतरवीत आणि डायनामोचा दिवा ही सायकलीची शोभा समजली जाई. ती सवय परत आणणे अगत्याचे आहे. मागच्या मडगार्डवरील लाल परावर्तक व पायडलांवरील परावर्तक पुसून स्वच्छ ठेवण्यास पैसाही लागत नाही.

वाहनाची चाहूल लागताच स्वारांनी एकामागे एक व्हावे. डांबराच्या अगदी कडेवरून चालू नये. कडेपासून हातभर आत, सरळ रेषेत चालावे. कडेला चिकटून चालणाऱ्याला सावरण्यास जागा राहत नाही, शिवाय मागील चालकाला मात्र येथून घुसता येईल असा भ्रम होतो. वळण्यापूर्वी मागे पाहून हात दाखवावा. कानांत गाणी ऐकण्याची साधने घालू नयेत, कारण मागचे वाहन सायकलस्वाराला प्रथम कानांनीच कळते. आणि रुंद जागा आली की स्वतःहून बाजूला थांबून मागे खोळंबलेल्या वाहनाला हाताने वाट द्यावी. ज्याला वाट मिळाली, त्याने हात उंचावून ती पोचवावी. या साध्या खुणेने दोन अनोळखी माणसांतील वैर नाहीसे होते.

वाहनचालकांसाठीही अशीच काही पथ्ये आहेत. सायकलीच्या पाठीशी येऊन हॉर्न वाजवू नये. दुरूनच एकदा हलका वाजवावा. रात्री समोरून सायकल आली तर डिपर द्यावा, कारण प्रखर प्रकाशात स्वाराला डांबराची कड दिसत नाही. साचलेल्या पाण्यातून वेग कमी करून जावे. ज्या मुलाच्या गणवेशावर चिखल उडतो, त्याचा त्या दिवसाचा शाळेतील आनंदही मळतो.

पंचायत, शाळा आणि गोदामे

या कामात ग्रामपंचायतीचा वाटा मोठा आहे. गावचे फाटे बहुधा ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग या वर्गात मोडतात व त्यांची देखभाल जिल्हा परिषदेकडे असते. ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्यांची पाच वर्षांची नियमित देखभाल ठेकेदाराच्या करारातच अंतर्भूत असते आणि साईडपट्ट्या नीट करणे हा त्या देखभालीचा भाग असतो. रस्त्याच्या आरंभी लावलेला फलक सरपंचांनी वाचावा आणि देखभालीची मुदत शिल्लक असल्यास लेखी मागणी करावी. डांबराला खड्डा पडला की तक्रार होते. मुरूम वाहून गेल्याची तक्रार सहसा कोणी करीत नाही. सायकलस्वाराच्या दृष्टीने मात्र दोहोंचे महत्त्व सारखेच आहे.

पाऊस ओसरताच २ ऑक्टोबरच्या सुमारास गावाने एक दिवस या रस्त्याला द्यावा. वळणांवर वाढलेली झुडपे छाटावीत, साईडपट्टीवर टाकलेली रेती, विटा व लाकडे हलवावीत आणि वाट देण्यास योग्य अशा चार-पाच जागा निवडून त्या सपाट कराव्यात. तेथे ‘वाट देण्याची जागा – वाहन उभे करू नये’ अशी पाटी संबंधित यंत्रणेच्या संमतीने लावावी. शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या अर्ध्या तासात अवजड वाहने फाट्यावर आणू नयेत, असा समझोता गोदामांचे, वीटभट्ट्यांचे व खाणींचे चालक यांच्याशी ग्रामसभेत करता येईल. परगावच्या चालकाला गावचा रस्ता माहीत नसतो. गोदामाच्या फाटकावर हिंदी व मराठीत लिहिलेली एक सूचना त्याला तो सांगू शकते.

शिक्षकांचे काम याहून मूलगामी आहे. शिक्षण हक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत व उच्च प्राथमिक शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. त्यानंतरची शाळा मात्र पुष्कळदा दूर असते. हे अंतर मुलींच्या शिक्षणाच्या आड येऊ नये, म्हणून राज्य शासनाने मानव विकास कार्यक्रमाखाली निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या. जेथे अशी योजना नाही, तेथेही पालक ऐपतीप्रमाणे सायकल घेऊन देतात. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल आढळली होती. परंतु सायकल घरी आली म्हणजे शाळा जवळ आली असे होत नाही. मधला रस्ता निर्धास्त नसेल, तर एखाद्या दिवशी मुलगी साईडपट्टीवर घसरून पडते, गुडघा फुटतो, घरचे घाबरतात आणि सायकल ओसरीला टेकून राहते. त्या सायकलीबरोबर त्या मुलीचे शिक्षणही थांबण्याचा संभव असतो. कोणत्याही अपघाताच्या नोंदवहीत ही हानी लिहिली जात नाही.

म्हणून शाळेच्या पटांगणात चुन्याने ३.७५ मीटर रुंदीचा पट्टा आखावा. त्यावर २.६ मीटरची मालमोटार आखावी आणि उरलेल्या जागेत मुलांना सायकल उभी करून दाखवावयास सांगावे. त्याच पट्ट्यापाशी एखाद्या दिवशी गावातील टेंपोचालक व ट्रॅक्टरचालक यांनाही बोलवावे. जे शंभर सूचनांनी पटणार नाही, ते चुन्याच्या चार रेघांनी पटेल.

रस्ते रुंद होतील, तेव्हा होतील. जमीन, निधी आणि काळ यांची त्यासाठी गरज आहे. तोपर्यंत असलेल्या बारा फुटांतच सर्वांना राहावयाचे आहे. या बारा फुटांत दोघांना एकाच वेळी पुरेल एवढी जागा नाही. परंतु आधी एकाला, मग दुसऱ्याला पुरेल एवढी जागा निश्चित आहे. ती निर्माण करण्यास अर्ध्या मिनिटाचा धीर लागतो. तो धीर ज्याच्या पायाखाली इंजिन आहे, त्याने प्रथम दाखवावा.